दिवागाव, सिंगापूरमार्गे

दिनानाथ काशाळकरांना पत्रांमध्ये रस नव्हता. त्यांना पाकिटं लागत.

पत्र कोणी लिहिलं, कोणासाठी लिहिलं, आत काय निरोप होता, याच्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. पाकीट कुठून निघालं, कोणत्या विमानाने गेलं, कुठे अडकलं, कोणी फोडून तपासलं आणि कुठला शिक्का मारून पुढे सोडलं, एवढंच ते बघत. त्यातही पाकीट दुसऱ्या महायुद्धातलं आणि हवाई टपालाचं असलं तरच. विमा कंपनीतून निवृत्त होऊन ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर त्यांनी जेवणाचं टेबल या कामासाठी ताब्यात घेतलं. पत्नी चारुलताबाई तेव्हापासून ताट मांडीवर घेऊन टीव्हीसमोर जेवत. "आमच्याकडे युद्ध चालू आहे," असं त्या शेजारणींना सांगत.

काशाळकरांच्या संग्रहाचा विषय एकच होता. १९४० साली इटली युद्धात उतरली आणि भूमध्य समुद्रावरून जाणारी टपालाची विमानं बंद पडली. मग आफ्रिकेच्या टोकाकडून नवा मार्ग काढला गेला. डर्बनहून कैरो, कराची, कलकत्ता, रंगून, सिंगापूर असं करत पाण्यावर उतरणारी विमानं थेट सिडनीला जात. नकाशावर हा मार्ग घोड्याच्या नालासारखा दिसतो, म्हणून संग्राहक त्याला हॉर्सशू म्हणतात. या नालाच्या प्रत्येक टप्प्याचं पाकीट काशाळकरांकडे होतं. नव्हतं ते एकच. फेब्रुवारी १९४२मध्ये सिंगापूर पडलं आणि नाल मोडला. त्या मोडण्याचा पुरावा, म्हणजे सिंगापूरला निघालेलं आणि वाटेतूनच परत फिरवलेलं पाकीट, त्यांना कुठेच मिळालं नव्हतं.

ठाण्याच्या प्रदर्शनात त्यांना दोनदा रौप्यपदक मिळालं होतं आणि दोन्ही वेळा परीक्षकांनी त्याच रिकाम्या जागेवर बोट ठेवलं होतं. दोन्ही वेळा सुवर्णपदक मुलुंडच्या नंदकिशोर यांना गेलं. नंदकिशोर फुलपाखरांची तिकिटं जमवत. काशाळकरांना हरण्याचं एवढं वाटत नव्हतं. फुलपाखरांकडून हरण्याचं वाटे. १९९७च्या जानेवारीत पुढचं प्रदर्शन होतं, आणि त्यांना सुवर्ण हवं होतं.

नोव्हेंबरात एका दुपारी दिवागावची सोनल चारुलताबाईंचे शिवलेले ब्लाउज द्यायला आली. टेबलावर पाकिटं मांडलेली होती. ती वाकून बघू लागली.

"काकी, असलं पाकीट आमच्या आजेसासूकडं पन हाय. ही निळी चिठ्ठी, बाजूला ही छापलेली पट्टी, सेम. वर एक आडवा शिक्का मारलाय, जांभळा."

काशाळकर आतल्या खोलीत होते. ते बाहेर आले. "कुठला पत्ता आहे त्यावर?"

"सिंगापूर," सोनल म्हणाली. "आजे बोटीवर होते ना तवा."

चारुलताबाईंनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी काशाळकर दिवागावात गेले. सोनलचं घर दुमजली होतं. तळमजल्यावर तिच्या नवऱ्याचं, मितेशचं ऑफिस होतं. पाटीवर 'प्लॉट, फ्लॅट, दुकान' असं लिहिलेलं. ओटीवर मितेशचे आजोबा गोटीराम खाडीकडे तोंड करून आरामखुर्चीत बसले होते. त्यांना ऐकू येत नाही असं घरचे म्हणत. शेजारीच आजी पुतळाबाई सुकवलेले सोडे निवडत बसली होती.

"नमस्कार आजी," काशाळकर म्हणाले.

"आजी कोनाला बोलतोस?" पुतळाबाईने मान वर केली. "केस बघ तुझं. माझ्याहून पांढरं हायत."

"बरं, मावशी."

"हां. बस. मास्तर हायस काय तू? चष्मा मास्तरचा दिसतो."

सोनलने पत्र्याच्या पेटीतून पाकीट आणलं. काशाळकरांनी पिशवीतून चिमटा काढला, भिंग काढलं आणि हातात पांढरे सुती मोजे चढवले. मोजे बघितल्यावर मितेश ऑफिसातून उठून ओटीवर आला.

पाकीट अगदी तेच होतं. १९४२च्या जानेवारीअखेरचा ठाण्याच्या पोस्टाचा शिक्का. सिंगापूरच्या जहाज एजंटाकरवी गोटीराम, खलाशी, असा पत्ता. एका बाजूला सेन्सॉरची पट्टी, म्हणजे सरकारी तपासनिसाने फोडून वाचलं आणि पुन्हा चिकटवलं. मागे कलकत्त्याचा शिक्का. आणि सगळ्यावर कडी म्हणजे पत्त्यावर आडवा, जांभळ्या शाईतला: सेवा बंद, पाठवणाऱ्याकडे परत. पाकीट पुढे कोणी उघडलेलंही नव्हतं. पत्र आत तसंच होतं.

"हे मला प्रदर्शनासाठी पाहिजे," काशाळकर म्हणाले. "योग्य ती किंमत देईन. पत्र तुमचं तुम्हीच ठेवा. मला फक्त पाकीट द्या."

"थांबा," मितेश म्हणाला. "आतला माल नको, बारदान पायजे?"

"हो."

"काका, सरळ बोला. कुठला प्लॉट?"

नवी मुंबई वसवताना या गावांच्या जमिनी गेल्या होत्या. त्या बदल्यात विकसित जमिनीतले साडेबारा टक्के परत द्यायचं ठरलं होतं आणि त्या वर्षांत त्याचे प्लॉट वाटले जात होते. त्यामुळे गावात रोज कोणीतरी गोड बोलणारा माणूस येई आणि म्हाताऱ्यांकडे जुने कागद मागे. जुनं नाव, जुनी तारीख आणि सरकारी शिक्का असलेला कागद म्हणजे जमीन, हे दिवागावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

"माझा जमिनीशी काही संबंध नाही," काशाळकर म्हणाले.

"सगळे हेच बोलतात."

"अहो, हा टपालाचा इतिहास आहे. विमानाचा मार्ग तुटला—"

"मार्ग बोल्ले बघ," मितेश बायकोला म्हणाला. "रस्त्यात गेलेली जमीन. आता कळलं."

"रस्ता नव्हे. हवाई मार्ग!"

"विमानतळ?" मितेशचा चेहरा उजळला. "आज्याची जमीन विमानतळात हाय?"

काशाळकर जितकं खरं बोलत गेले तितका मितेशचा संशय पक्का होत गेला. शेवटी त्याने पाकीट घेतलं, काशाळकरांना चहा पाजला आणि "विचार करून सांगतो" म्हणून वाटेला लावलं. पुतळाबाई सोड्यांतले खडे काढत होती आणि मधून मधून मोज्यांकडे बघत होती.

दोन दिवसांनी सोनलचा फोन आला. "काका, तुमी लवकर या. ह्यांनी पाकीट लॅमिनेशनला नेलंय."

त्या काळात घराघरातून लॅमिनेशनची साथ होती. मार्कशीट, रेशनकार्ड, लग्नातला फोटो, गुरुमहाराजांची तसबीर, जे जपायचं ते प्लॅस्टिकमध्ये घालून भाजलं जाई. मितेशच्या घरातला जमिनीचा प्रत्येक कागद असाच चकचकत होता. पण पाकीट जमवणाऱ्याच्या दृष्टीने हा खून. प्लॅस्टिकचा गोंद गरम होऊन कागदात मुरतो आणि पुन्हा कधीही निघत नाही.

काशाळकर घरातल्या चपला घालून धावत सुटले. सेक्टरच्या कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान होतं. मितेश काउंटरवर रेलून उभा. दुकानदाराने पाकीट प्लॅस्टिकच्या दोन पापुद्र्यांमध्ये ठेवलेलं. मशीन तापत होतं, लाल दिवा हिरवा व्हायची सगळे वाट बघत होते.

"थांबा!" काशाळकरांना धाप लागली होती. "याने पाकीट मरेल."

"मरेल कसं? शंभर वर्षं टिकेल," दुकानदार म्हणाला.

"टिकेल, पण त्याला अर्थ राहणार नाही! शाई उतरते, तिकिटाचा गोंद वितळतो, सेन्सॉरची पट्टी—"

"काका, तुमी टेन्शन घेऊ नका," मितेश म्हणाला. "पाकीट आमचं हाय."

दिवा हिरवा झाला. दुकानदाराने प्लॅस्टिक उचललं.

काशाळकर विमा कंपनीत दावे तपासत असत. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी खोटा कागद पुढे जाऊ दिला नव्हता आणि ते स्वतः कधी खोटं बोलले नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि शांतपणे म्हणाले, "तुमची मर्जी. पण प्लॅस्टिक केलेला कागद त्या ऑफिसात घेत नाहीत. शिक्का कुठे मारणार?"

"बंद कर रे मशीन!" मितेश ओरडला.

पाकीट वाचलं. काशाळकर मात्र आता अधिकृत दलाल झाले. मितेशने त्यांना खांद्याला धरून उसाच्या रसाच्या गाडीवर नेलं. "आधीच बोलायचं ना काका. फिफ्टी-फिफ्टी?"

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सोसायटीच्या जिन्यात माणसं दिसू लागली. जुन्या पाकिटांना प्लॉट मिळतो, ही बातमी दिवागावातून तळवलीपर्यंत गेली होती. कोणी वीज मंडळाचं पाकीट आणलं, कोणी लग्नाची पत्रिका. एका बाईने मोठ्या विश्वासाने पोराच्या शाळेचं प्रगतिपुस्तक पुढे केलं. चारुलताबाईंनी सगळ्यांना पाणी दिलं आणि नवऱ्याच्या कानाशी म्हणाल्या, "दाराबाहेर पाटी लावू का? वेळ दहा ते बारा."

काशाळकर मागच्या दाराने निघाले असते, पण फ्लॅटला मागचं दार नव्हतं. तेवढ्यात सोनल आली. "आजींनी बोलवलंय. एकट्यालाच."

मितेश ऑफिसात नव्हता. पुतळाबाई ओटीवर पाय पसरून बसली होती. पाकीट तिच्या मांडीवर होतं.

"मास्तर, खोटं बोलताना लाज नाय वाटली?"

"वाटली."

"मंग?"

"पाकीट भाजलं असतं, मावशी."

पुतळाबाई इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. "त्यात जमिनीचं काय नाय, ते मला पयल्याच दिवशी कळलं."

"कसं?"

"जमीनवाला आधी चा पितो. मंग पोराबालांचं विचारतो. मंग मंदिराला देनगी देतो. तू आल्या आल्या चिमटा काढलास आनि मोजं घातलंस. असा येडा मानूस जमिनीत नसतो."

"मग नातवाला का सांगितलं नाही?"

"पलू दे जरा त्याला. पोट बघितलंस काय त्याचं?"

मग ती गंभीर झाली. तिने पाकिटावर हात ठेवला. "हे मी लिवून घेतलं शालेच्या मास्तराकडून. मिठागरात मीठ ओढून पैसे भरले. साधं टपाल स्वस्त होतं, पन मास्तर बोल्ला, विमानानं लवकर जाईल. तर विमानाचे पैसे भरले. सरकारनं नेलं आनि परत आनून टाकलं. ज्याचं होतं त्याला पोचलं नाय."

"पण ते तर इथेच बसलेत." काशाळकरांनी गोटीरामांकडे पाहिलं. "परत आल्यावर द्यायचं होतं."

"चार वर्षांनी आला, तो सुकलेल्या बोंबलासारखा. तवा काय देनार? मंग राह्यलं. आता तुला पाकीट पायजे ना? ने. पन आतलं पत्र त्याला पोचव. माझ्या हातून नाय. पोस्टमननं आनून द्यायला पायजे."

"एवढंच ना? उद्या पोस्टात टाकतो."

"साधं नाय," पुतळाबाई म्हणाली. "विमानानं. पैसे विमानाचे भरलेत."

"मावशी, ऐरोलीहून दिवागावला विमान जात नाही."

"ते तू बघ."

काशाळकरांनी घरी येऊन ही अट सांगितली तेव्हा चारुलताबाई वरणाला फोडणी देत होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "आशूला पाठवा. तो परत पाठवेल."

मुलगा आशुतोष सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी सिंगापूरला होता. काशाळकरांना हे सुचलं नव्हतं, कारण त्यांच्या डोक्यातलं सिंगापूर १९४२चं होतं.

पाकीट त्यांनी पुतळाबाईसमोरच उघडलं. झाकणाखाली पातळ पातं सरकवत सरकवत गोंद सोडवायला इतका वेळ लागला की सोनलने मधे दोनदा चहा केला. "माझी बालंतपनं ह्याच्यापेक्षा लवकर झाली," पुतळाबाई म्हणाली. घडी घातलेलं पत्र निघालं. काशाळकरांनी ते न उलगडता नव्या पाकिटात घातलं. जुनं पाकीट पुन्हा पुतळाबाईच्या मांडीवर गेलं. माल पोचल्याशिवाय बारदान नाही, असं ती म्हणाली.

आठवडाभराने सिंगापूरहून फोन आला. "बाबा, आत एक जुनं मराठी पत्र आहे. वाचू?"

"नाही. ते टपाल आहे."

"थोडंसं?"

"आशुतोष, तू मार्गावरचा एक टप्पा आहेस. टप्पे वाचत नाहीत."

डिसेंबरच्या मध्यावर पोस्टमन दिवागावात आला आणि गोटीरामांच्या नावाने ओरडला. आशुतोषने हौसेने पाकिटावर भडक ऑर्किडची तिकिटं ओळीने चिकटवली होती. म्हाताऱ्याला सिंगापूरहून विमानाने पत्र आलंय म्हटल्यावर ओटीवर उभं राहायला जागा उरली नाही. मितेश नव्या शर्टात हजर झाला. सोनलने पोस्टात आधी चौकशी करून काशाळकरांनाही बोलावून घेतलं होतं.

पोस्टमनने पाकीट गोटीरामांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट केलं आणि सोनलकडे दिलं. "वाच."

सोनलने मोठ्याने वाचायला घेतलं. अक्षर शाळामास्तराचं, भाषाही त्याचीच.

"चरणी मस्तक ठेवून सौभाग्यवती पुतळा हिचे अनेक नमस्कार. विशेष विनंती ऐशी की, आपण भाऊच्या धक्क्यावरून होडीकरिता दोरखंड आणावयास म्हणून गेलात. तो दोरखंड अद्याप आला नाही. आपले पत्र मात्र सिंगापुराहून आले. सिंगापुरास दोरखंड मिळतो किंवा नाही, हे कळवावे."

ओटीवर हशा झाला. गोटीराम खाडीकडे बघत राहिले.

"होडी सध्या माझ्या वडिलांच्या दोराने बांधली आहे व त्यावरून मला रोज ऐकावे लागते. आपण न सांगता बोटीवर चढलात, हे चांगले केले नाही. आणखी एक गोष्ट आपल्या कानावर घालणे जरूर आहे, ती अशी की..." सोनल थांबली. तिने कागद उजेडाकडे धरला. "पुढचं काळं केलंय. सगळं. मग खाली फक्त एवढंच, तरी पत्र पावताच निघावे."

"काला कोनी केला?" पुतळाबाई ताडकन उठली. "मास्तर, तू?"

"मी नाही, मावशी. सेन्सॉर." काशाळकर पुढे झाले. काळी शाई जुनी होती, कागदात पार मुरलेली. "युद्धात सरकार पत्रं वाचायचं. मराठी वाचणारे लोकही ठेवलेले होते. फौज कुठे आहे, जहाजं कुठे आहेत, असं काही लिहिलं की ते काळं करायचे. तुम्ही काय लिहिलं होतंत?"

"मी कशाला फौजेचं लिवीन?" ती म्हणाली आणि मग थांबली. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "आगो बाय. हवालदार."

"कोण हवालदार?" सोनलने विचारलं.

"तवा खाडीच्या तोंडाला लस्करची छावनी पडलेली. तिथला एक हवालदार कोंबडी घ्यायला रोज दारात यायचा. उंच, मिशीवाला. मी लिवलं, हवालदार दिसायला बरा हाय, बोलायला गोड हाय, तुमी कवा येताव ते कलवा. म्हंजी ह्याला राग येईल आनि पलत येईल. तर सरकारनं माझा हवालदारच खाल्ला!"

मितेश पोट धरून खाली बसला. पोस्टमन जायचा थांबला. आणि आरामखुर्चीतून, जिथून सहसा काही आवाज येत नसे, तिथून स्पष्ट प्रश्न आला.

"कोनता हवालदार?"

"ऐकू आलं काय तुमाला?" पुतळाबाई म्हणाली.

"रोज यायचा?"

"रोज. कोंबडीचं पैसं बुडवून गेला मेला."

पुतळाबाईने मोठ्या समाधानाने पेटीतून जुनं पाकीट आणलं आणि काशाळकरांपुढे धरलं. "घे मास्तर. पोचलं पत्र."

काशाळकरांनी हात पुढे केला.

"त्या पाकिटावर नाव कोनाचं?" गोटीरामांनी विचारलं.

पाकिटावर नाव गोटीरामांचं होतं.

"मंग ती कोन देनारी?" म्हातारा म्हणाला. "मास्तर, इकडं ये. बाकीचे सगले खाली उतरा. तू पन जा आत."

ओटी रिकामी झाली. पुतळाबाई दाराआड गेली, पण लांब गेली नाही. गोटीराम हळू आवाजात म्हणाले, "उत्तर लिव. विमानानं आलंय, विमानानंच जाईल. मंग ने पाकीट."

काशाळकरांनी खिशातलं पेन काढलं. उत्तर छोटं होतं. दोरखंड त्याच दिवशी घेतला होता. चांगला काथ्याचा होता. बोटीबरोबर बुडाला. हवालदाराचं नाव कळवावे.

"आता खाली एक ओल काली कर," गोटीराम म्हणाले.

"काय लिहून काळी करू?"

"काय लिवू नको. नुसती काली कर."

काशाळकर अडखळले. सेन्सॉर नसताना सेन्सॉरची खूण करणं म्हणजे संग्राहकांच्या लेखी बनावटगिरी. असेच बनावट कागद पकडण्यात त्यांनी आयुष्य घालवलं होतं. "आजोबा, हे खोटं होईल."

"लॅमिनेशनच्या दुकानात तू काय बोललास, ते सोनलनं सांगितलं मला," ऐकू न येणारा म्हातारा म्हणाला.

काशाळकरांनी एक ओळ काळी केली. शिक्का मात्र मारला नाही. तेवढं त्यांनी पाळलं.

जानेवारीत ठाण्याच्या प्रदर्शनात ते पाकीट शेवटच्या पानावर लागलं. काशाळकरांनी खाली नेहमीच्या नेटक्या अक्षरांत नोंद केली होती: ठाणे, जानेवारी १९४२. मुंबईत सेन्सॉर. कलकत्त्याहून परत. आणि त्याखाली, कारण त्यांना अपुरी नोंद सहन होत नसे: पत्राचे वितरण डिसेंबर १९९६, दिवागाव, सिंगापूरमार्गे, हवाई टपालाने.

मुख्य परीक्षक पाकिटापाशी बराच वेळ थांबले. मग त्यांनी काशाळकरांना बाजूला घेतलं. "अप्रतिम आहे. नाल मोडला तो हाच. पण ही शेवटची ओळ काय?"

"वितरण."

"काशाळकर, थट्टा नको."

"थट्टा नाही. तसंच झालं."

"झालंही असेल. पण पाकिटाचा प्रवास परत आलं तेव्हा संपला. आपण पाकिटं मांडतो, पत्रं नाही. हे मी तुमच्याकडूनच शिकलोय." परीक्षकांनी आवाज खाली आणला. "त्या ओळीवर कागदाची पट्टी लावून टाका. काम सुवर्णाचं आहे."

काशाळकरांनी पानाकडे पाहिलं. पट्टी लावायला खिशात गोंदाची ट्यूबसुद्धा होती. समोरच्या रांगेत नंदकिशोर आपल्या फुलपाखरांवरची धूळ रुमालाने पुसत होते.

"आधीच एकदा झाकून झालंय त्या पत्रातलं," काशाळकर म्हणाले. "राहू दे ती ओळ."

सुवर्ण फुलपाखरांना गेलं. काशाळकरांना कांस्यपदक मिळालं आणि शेऱ्यात 'मांडणीत गांभीर्याचा अभाव' असं लिहून आलं. चारुलताबाईंनी तो शेरा फ्रेम करून टेबलासमोर लावायची तयारी दाखवली.

फेब्रुवारीत पुतळाबाईने बोलावलं म्हणून ते दिवागावात गेले. मितेशने दुरूनच हात केला. विमानतळाचा नाद अजून त्याने सोडलेला नव्हता.

"मिलालं काय तुला, मास्तर?"

काशाळकरांनी पदक दाखवलं. पुतळाबाईने ते बोटांनी वाजवून बघितलं. "काशाचं?"

"काशाचं."

"मंग वाटी तरी द्यायची. म्हाताऱ्याचे तलवे घासले असते." तिने पदक परत केलं आणि पदराखालून सिंगापूरचं पाकीट काढलं. ऑर्किडची तिकिटं याही वेळी ओळीने होती. आतला कागद घडीवर फाटायला आला होता. इतक्यांदा तो उघडला गेला असावा.

"हे परवा आलं. सोनलनं वाचलं. दोरखंड बुडाला, ते कळलं. पन ही शेवटची ओल काली हाय. उन्हात धरून बघितली, दिव्यावर धरून बघितली, काय दिसत नाय." ती पुढे झुकली. "अक्षर तुझं हाय. काय लिवलं होतं ह्यानं? हवालदाराचं? का तिकडं सिंगापुरात कोन होती? खरं सांग."

काशाळकरांनी गोटीरामांकडे पाहिलं. म्हातारा खाडीकडे तोंड करून बसला होता. त्याला काहीही ऐकू येत नव्हतं. मात्र आरामखुर्चीच्या दांड्यावर त्याची बोटं ताल धरत होती.

"सांगता येत नाही, मावशी," काशाळकर म्हणाले. "युद्ध चालू आहे."